कायदा समजून घेऊ, आपली पोरं सांभाळू



मागच्या महिन्याच्या बैठकीत एक पोरगा बोलायला उठला. वय वीस-बावीस. बाप ऊसतोडीला जातो, माय गायरानाचा तुकडा कसते. तो म्हणाला, "काका, तीन वर्षं झाली, आपण नुसते अर्जच देऊ लागलो. मुंबईत दहा जण घुसले तर साठ तास सगळा देश जागा होता. आपण एकदा काहीतरी फोडलं ना, की दुसऱ्या दिवशी तलाठी सातबारा घेऊन दारात उभा राहील." काही जण हसले. मागं बसलेल्या दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. आणि आम्ही पुढचा विषय घेतला.

त्याच आठवड्यात आपली काही माणसं गायरानाच्या नोंदीचं विचारायला एका कचेरीत गेली होती. तिथल्या साहेबांनी कागद न बघताच सुनावलं, "लई संघटना करू नका. नवा कायदा आलाय. नक्षलवादी म्हणून आत टाकलं तर सहा महिने जामीन नाही." माणसं घाबरून परत आली. त्यातल्या दोघी बायांनी पुढच्या मोर्चाला यायचं नाही असं ठरवलंय.

पोरगा एक बोलला, साहेब दुसरं बोलले. पण दोघांनीही आपली जमीन आणि बाँब यांची गाठ मारली. आमचं म्हणणं असं की या दोघांनाही संघटनेनं उत्तर द्यायला पाहिजे, आणि ते एकदमच द्यायला पाहिजे. कायदा माहीत नसला तर आपण साहेबाच्या एका वाक्याला भिऊन घरात बसू. आणि आपल्या पोरांच्या डोक्यात काय शिजतंय ते माहीत नसलं, तर साहेबाचं खोटं बोलणं उद्या खरं ठरेल.

जालन्यानं बाँब बघितलाय

मुंबई लांब वाटते. सीएसटीवर जी मेली ती गाडीची वाट बघत गाठोड्यावर बसलेली माणसं होती, आपल्यासारखीच. कसाबला जिवंत धरलं ते तुकाराम ओंबळे यांनी, हातात नुसती काठी असताना, आणि त्यात त्यांचा जीव गेला. हे आपण ऐकलं. पण आपल्या दारातलं विसरलो.

२७ ऑगस्ट २००४, शुक्रवार. जालना शहरातल्या कादरिया मशिदीत नमाजाच्या वेळी बाँब फुटला आणि १८ माणसं जखमी झाली. त्याच दिवशी पूर्णेतही फुटला. त्याच्या आदल्या वर्षी २१ नोव्हेंबरला, रमजानच्या शुक्रवारी, परभणीच्या मोहम्मदिया मशिदीत तेच झालं होतं. २००४ च्या त्या दिवशी शहरात हजेरीवर गेलेले आपले लोक सांगतात, शटरं धडाधड खाली आली, कोणी कोणाकडं बघेना, मुकादमानं अर्ध्या दिवसाची हजेरी कापली.

पुढं ६ एप्रिल २००६ ला नांदेडमध्ये एका घरात स्फोट झाला. बाँब तयार करत असतानाच तो फुटला असं तपासात म्हटलं होतं. दोन तरुण पोरं जागच्या जागी गेली. दोघंही हिंदू घरातली. परभणी, पूर्णा आणि जालन्याचे धागे तिथं जुळतात असं एटीएसचं म्हणणं होतं. त्याच्या पुढच्याच महिन्यात वेरूळच्या बाजूला गाडीत आरडीएक्स आणि एके-४७ रायफली सापडल्या, तेव्हा पकडलेली पोरं मुसलमान होती. ८ सप्टेंबर २००६ ला मालेगावात कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, तीसहून जास्त माणसं मेली, आणि त्यात नऊ मुसलमान पोरांना धरलं. २९ सप्टेंबर २००८ ला मालेगावात पुन्हा स्फोट झाला, सहा माणसं गेली, आणि या वेळी पकडलेल्यांत एक साध्वी होती, लष्करातला एक अधिकारी होता. खटले चालले. कोण दोषी, कोण नाही, ते ठरवणं कोर्टाचं काम. आम्ही कोणाच्या धर्माकडं बोट दाखवायला ही यादी दिली नाही. ती दिली कारण ही सगळी गावं एसटीनं एका दिवसात जाऊन येण्याइतकी जवळ आहेत, आणि पकडलेल्यांत किंवा मेलेल्यांत पंचवीस-तिशीच्या आतली पोरं कितीतरी होती.

आणि यातल्या एकाही बाँबनं कोणाला जमीन मिळाली नाही, घर मिळालं नाही, न्याय मिळाला नाही. कायदा मात्र आणखी कडक होत गेला. तो कडक कायदा पुढं कोणावर चालतो ते बघा.

कायद्याची गोष्ट

१९८५ साली टाडा आला. सांगितलं होतं पंजाबातल्या अतिरेक्यांसाठी. १९९५ मध्ये तो संपला तोवर देशभरात ७६ हजारांवर माणसं त्याखाली धरली गेली होती, आणि शिक्षा झाली शंभरातल्या दोघांनाही नाही. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडच्या आदिवासींवरही टाडा लागला होता. २००२ मध्ये पोटा आला. झारखंडात तो आदिवासींवर लावला, त्यात शाळकरी वयाची लेकरंही सापडली. २००४ मध्ये पोटा रद्द झाला, पण त्यातली बरीच कलमं त्याच वेळी १९६७ च्या बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्यात घालून ठेवली. या कायद्याला यूएपीए म्हणतात. मग मुंबईच्या हल्ल्यानंतर, डिसेंबर २००८ मध्ये, संसदेनं दोन-तीन दिवसांत त्याच कायद्यात आणखी भर घातली. साहेब ज्याला नवा कायदा म्हणाले तो हा. याशिवाय महाराष्ट्रात १९९९ पासून मकोका आहे.

त्यातलं आपल्या कामाचं तेवढं सोप्या भाषेत सांगतो.

दहशतवादी कृत्य कशाला म्हणायचं? देशाची एकता किंवा सुरक्षितता धोक्यात आणायच्या नाहीतर लोकांत धाक बसवायच्या हेतूनं, किंवा तसं होण्याची शक्यता असताना, बाँब, बंदूक, विष "किंवा इतर कोणत्याही मार्गानं" जीव घेणं, जखमी करणं, मालमत्तेची नासधूस, लोकांच्या गरजेचा पुरवठा बंद पाडणं. मोर्चा, धरणं, निवेदन, गायरान कसणं हे यात बसत नाही. घोषणा देणं बसत नाही. पण "शक्यता" आणि "इतर कोणत्याही मार्गानं" हे शब्द रबरासारखे आहेत, ओढील तेवढे लांबतात. म्हणून रास्ता रोकोत एक दगड, एक जळका टायर, एक फुटलेली काचसुद्धा आपल्याला परवडणारी नाही.

सहा महिन्यांचं काय? साहेबांचं अर्धं खरं, अर्धं खोटं. या कायद्यात पोलीस कोठडी ३० दिवसांपर्यंत जाऊ शकते, आणि आरोपपत्र द्यायला पोलिसांना कोर्टाकडून १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवून मिळू शकते. अटकपूर्व जामीन नाही. केस डायरी किंवा आरोपपत्र बघून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर कोर्ट जामीन देऊ शकत नाही. म्हणजे कधीकधी सहा महिन्यांवर थांबत नाही, वर्षं जातात. आदिवासी भागात दवाखाना चालवणारे डॉ. बिनायक सेन मे २००७ पासून मे २००९ पर्यंत छत्तीसगडच्या तुरुंगात होते. पण कोणी साहेब रागावला म्हणून हे कलम आपोआप लागत नाही. खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते, आणि त्याआधी पुरावा तपासायला वेगळा अधिकारी नेमायचा असं २००८ च्या दुरुस्तीतच लिहिलंय. कचेरीतल्या कोणालाही ही धमकी द्यायचा हक्क नाही.

घरात ठेवलेलं सामान. हे नीट ऐका. ज्याच्या ताब्यात हत्यारं किंवा स्फोटकं सापडली आणि तसलीच गुन्ह्यात वापरली गेली असं वाटलं, तर कोर्ट त्याला दोषी धरूनच पुढं जाईल, आणि आपण निर्दोष आहोत हे त्यानं दाखवायचं. आपली कितीतरी पोरं विहिरीच्या सुरुंगाच्या कामावर आहेत, खडी क्रशरवर आहेत. उरलेली जिलेटिनची कांडी मासे मारायला घरी आणतात. काही जण रानडुकरासाठी गावठी गोळे ठेवतात. आजपासून हे बंद. सहजच छपरात खोचून ठेवलेल्या एका कांडीवर सगळी वस्ती आत जाऊ शकते.

आसरा देणं. दहशतवादी आहे हे माहीत असून त्याला लपवलं तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. नवरा-बायकोला यातून सूट आहे. माय-बापाला नाही. माहीत नसताना पाहुणा म्हणून भाकर वाढली तर तो गुन्हा नाही, पण "माहीत नव्हतं" हे सांगायला वकील लागतो.

कबुलीजबाब. यूएपीएखाली पोलिसांपुढं दिलेली कबुली पुरावा धरत नाहीत. मकोकाखाली एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली धरतात. म्हणून कोणत्या कायद्याखाली धरलंय हे पहिलं विचारा.

धरलं तर काय करायचं

अटकेचं कारण विचारायचं, ते सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीनं झाला पाहिजे आणि घरच्या एकाला कळवलं पाहिजे, हे सुप्रीम कोर्टानं डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये सांगितलंय. कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी डॉक्टरची तपासणी, हेही तिथंच सांगितलंय. २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं केलंच पाहिजे. तिथं मारहाण झाली असेल तर तोंड उघडून सांगायचं.

बाईला सूर्य मावळल्यावर अटक करता येत नाही. फारच तातडी असली तर महिला पोलिसानं आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्यावी लागते. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा तर बाईला आणि पंधरा वर्षांच्या आतल्या पोराला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. चौकशीतल्या जबाबावर सही करायची नसते. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही, अंगठाही नाही. घरझडतीला दोन पंच लागतात, आणि जप्त केलेल्या सामानाच्या यादीची नक्कल मागून घ्यायची.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. अनुसूचित जमातीच्या माणसाला, कोणत्याही बाईला आणि कोठडीतल्या कोणालाही सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं साधा अर्ज द्यायचा.

खूण कशाची धरायची

आता आपल्या पोरांकडं येऊ. इथं आपल्यातच दोन मतं आहेत. काही साथी म्हणतात, पोरांवर नजर ठेवणं हे पोलिसांचं काम, ते आपण कशाला करायचं? उद्या आपणच एकमेकांचे खबरे होऊ. ही भीती खोटी नाही. आपल्यातल्या पारधी भावांना विचारा. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला, पण अजून गावात चोरी झाली की पहिली गाडी पारधी वस्तीवर येते. "हा तसलाच दिसतो" या एका वाक्यानं किती घरं उठली, ते आपल्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

म्हणून आमचं सरळ सांगणं आहे. दाढी ही खूण नाही. टिळा, टोपी, बुरखा ही खूण नाही. पोरगा नमाजाला जायला लागला, माळ घातली, आंबेडकर वाचायला लागला, लाल झेंड्याच्या सभेला गेला, सरकारला शिव्या घालू लागला, यातली एकही खूण नाही. सरकारवर राग असणं गुन्हा असता तर आपण सगळेच आत असतो.

खूण वागण्यात शोधायची, आणि तीही एकटी नाही. तीन-चार गोष्टी एकाच वेळी दिसू लागल्या तर जागं व्हायचं. पोरगा आधी म्हणायचा, "तहसीलदार आपलं ऐकत नाही." आता म्हणतो, "ती सगळी जातच संपवायला पाहिजे." म्हणजे माणूस दिसायचा बंद झाला, नुसता दुश्मन उरला. जुने मित्र तुटले, घरात बोलणं बंद, बैठकीला येणं बंद, आणि एकाच नव्या माणसाच्या शब्दावर चालू लागला. त्या माणसाचं गाव, काम, घरचं कोणी कोणालाच माहीत नाही. मोबाइलवर कापाकापीच्या, स्फोटाच्या क्लिपा पुन्हा पुन्हा बघतो, बदल्याचीच भाषा बोलतो. मजुरी न करता हातात पैसा येतो. आठ-आठ दिवस "कॅम्प"ला जातो, कुठला ते सांगत नाही. "तुझ्या कागदावर एक सिमकार्ड काढून दे", "ही पिशवी चार दिवस ठेव, उघडू नको" असं कोणी त्याला सांगतं आणि तो ऐकतो. आपल्या वस्तू वाटून टाकतो, निरोप घेतल्यासारखं बोलतो.

आणि आणखी एक. बैठकीत जो सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात हत्यारांचं बोलतो, त्याला कोणी पाठवलंय हेही बघा. संघटना मोडायची असली तर तिच्या तोंडात बाँबचा शब्द घालणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

मग करायचं काय

पहिलं, बसायचं. त्या पोराचा ज्याच्यावर विश्वास आहे, मामा असो, आजी असो, शाळेचे गुरुजी असोत, त्यांनी एकटं गाठून बोलायचं. उपदेश कमी, ऐकायचं जास्त. दुसरं, त्याचा राग कशाचा आहे ते शोधून त्या कामाला हात घालायचा. तिसरं, पिशवी, कांडी, हत्यार, किंवा अमुक ठिकाणी अमुक करणार असं कानावर आलं, तर तिथं संघटनेचा विचार संपतो. तिथं कोणाचा तरी जीव आहे. पोलिसांना कळवायचं. एकट्यानं नाही, दोघा-तिघांनी मिळून, वकिलाला सांगून, लेखी, पोच घेऊन. आपल्याला ठाण्याची पायरी चढायची भीती वाटते, ती का वाटते ते वर लिहिलंच आहे. तरीही कळवायचं. कादरिया मशिदीत जखमी झालेल्यांतला कोणी आपलाच असता तर आपण काय म्हणालो असतो?

पण नुसत्या बोलण्यावरून, नुसत्या रागावरून कोणाचं नाव ठाण्यात द्यायचं नाही. हा आमचा तितकाच पक्का शब्द आहे.

त्या पोरानं बैठकीनंतर आम्हाला विचारलं, "तंट्या भिल्लानं, खाज्या नाईकानं, भीमा नाईकानं हत्यार उचललं नव्हतं का? त्यांच्या तसबिरी लावता आणि मला गप्प करता." प्रश्न खरा आहे. ते लढले तेव्हा आदिवासीला मत नव्हतं, ग्रामसभा नव्हती, वनहक्काचा कायदा नव्हता, १९९१ चा गायरानाचा जीआर नव्हता. आणि त्यांची लढाई राज्य करणाऱ्यांशी होती, नमाजाला बसलेल्या म्हाताऱ्यांशी नाही. आज हत्याराचा निर्णय चार जण गुपचूप घेतात आणि किंमत सगळ्या वस्तीला मोजावी लागते. बस्तरकडं बघा. एका बाजूला नक्षलवाद्यांची बंदूक, दुसऱ्या बाजूला सरकारची आणि २००५ मध्ये सुरू झालेल्या सलवा जुडूमची होती. मधल्या मध्ये शेकडो गावं उठली. ज्या जमिनीसाठी हे चाललं म्हणतात, ती कसायला तिथं माणूसच उरला नव्हता.

आपली ताकद उघडेपणात आहे. आपली बैठक झाडाखाली होते, कोणीही येऊन बसावं. आपले अर्ज पोच घेऊन दिलेले असतात. १४ एप्रिल १९९० च्या आधीचं गायरान कसत असल्याचे पुरावे आपण फायलीत लावतो. वनजमिनीला १३ डिसेंबर २००५ ची तारीख आहे, तिचे दावे ग्रामसभेपुढं मांडतो. हे हळू चालतं, फार हळू, हे मान्य. पण यूएपीएचा रबर कितीही ओढला तरी पोच घेतलेल्या अर्जापर्यंत पोचवणं अवघड आहे.

शेवटी आमची चूक सांगितली पाहिजे. त्या पोराची फाईल आम्ही काढून बघितली. तो दोन वर्षांत तीनदा आपल्याकडं आला होता. त्याच्या बापाच्या दंडाच्या पावत्या, कसत असल्याचा पुरावा म्हणून, त्यानं आणून दिल्या होत्या. त्या आमच्याच कपाटात पडून होत्या, दाव्याला लावल्याच नव्हत्या. तो तलाठ्यावर चिडला होता, पण निम्मा राग आमच्यावर निघायला पाहिजे होता. आम्ही त्याच्या घरी गेलो, चूक कबूल केली, दावा नव्यानं भरला. आता त्याच्या वस्तीवरच्या सगळ्या फायली तोच लिहितो, अक्षर चांगलं आहे त्याचं. बाँबचं बोलणं त्यानं सोडलं का, आम्ही विचारलं नाही. परवा म्हणाला, "काका, एक वर्ष बघतो." त्या एका वर्षाचा हिशेब आपल्याला द्यायचा आहे.

म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येक वस्तीनं दोन गोष्टी आणायच्या. आपल्याकडं पडून राहिलेल्या दाव्यांची यादी, आणि बैठकीला यायचं बंद झालेल्या पोरांची नावं. दुसरी यादी कागदावर लिहायची नाही, मनात ठेवून यायची. आणि घाबरून घरी बसलेल्या त्या दोघींकडं आपल्यातल्या बायांनी हे पत्रक घेऊन जायचं, वाचून दाखवायचं, आणि त्यांना सोबत घेऊनच यायचं.

जिंदाबाद!